माळशिरसचे ‘माळिशरस’



या स्मरणिकेचे पहिले प्रूफ आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकले त्या रात्री झोपेपर्यंत मला बावीस निरोप आले. बहुतेक सगळे एकाच पानाबद्दल होते. मराठीच्या सरांचा जुना लेख आपण पुन्हा छापतो आहोत, त्याच्या शीर्षकातच गावाचे नाव ‘माळिशरस’ असे उमटले होते आणि पहिल्याच ओळीत ‘िवद्याथीर्’. एका मैत्रिणीने लिहिले, “अगं, पुण्यात एवढी मोठी इंजिनिअर तू, आणि गावाचं नाव धड छापता येईना?” दुसरा एक जण आता स्वतः शिक्षक आहे. त्याने प्रूफ प्रिंट काढून, लाल पेनने गोल करून त्याचा फोटो पाठवला. खोड जात नाही.

सकाळी बाईंचा फोन आला. “रागावले नाहीये गं,” त्या म्हणाल्या, “पण कॉम्प्युटरला आपली मराठी अजून जमत नाही का?”

जमते. उत्तम जमते. पण मग ‘माळिशरस’ का झाले, हे मला फोनवर दोन वाक्यांत सांगता आले नाही. म्हणून संपादक मंडळाकडून ही चार पाने मागून घेतली. संपादक मंडळात मीच असल्याने ती लगेच मिळाली.

आधी एक सांगते. ही टायपिंगची चूक नव्हती. सरांचा लेख ज्याने वीस-बावीस वर्षांपूर्वी टाइप केला, त्याने ‘माळशिरस’ बरोबरच टाइप केले होते. तेव्हा छापलेही बरोबरच गेले. मधल्या काळात कोणी त्या फाइलला हातही लावला नाही. तरीही आज ती उघडली की वेलांटी एक घर अलीकडे सरकते. हे कसे होते ते समजायला आपल्याला एसटी स्टँडजवळच्या त्या छापखान्यात परत जावे लागेल.

आठवतो का? आठवीत असताना सर आपल्याला तिथे घेऊन गेले होते. आत शिरल्याबरोबर शाईचा आणि रॉकेलचा वास. पायाने चालवायचे ट्रेडल मशीन, त्याचा खाडखाड आवाज, आणि भिंतीला तिरक्या लावलेल्या लाकडी केस. त्या केसमध्ये शेकडो लहान घरे, प्रत्येक घरात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. कंपोझिटर काकांच्या डाव्या हातात स्टिक होती. उजवा हात घरांवरून असा फिरत होता की नजर कागदावरून हलत नव्हती. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. काका ते आपण सुलटे वाचतो तितक्या सहज वाचत होते.

काकांची एक तक्रार मला अजून आठवते. “या तालुक्याला ळ पुरत नाही बघा, सर. माळशिरस, माळीनगर, वेळापूर, महाळुंग, माळेवाडी. पंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं आली की ळ संपलाच. मग एक पान छापायचं, खिळे सोडायचे, घरात टाकायचे, तेव्हा दुसरं पान जुळवायचं.” सर हसले होते. नंतर वर्गात त्यांनी आपल्याला ‘ळ’ शिवाय पाच वाक्ये लिहायला लावली होती.

त्याच दिवशी काकांनी आपल्यासमोर ‘माळशिरस’ जुळवले. म, काना, ळ, आणि मग त्यांनी वेलांटीचा खिळा उचलला. श नंतर. आपल्यातलेच कोणीतरी ओरडले, “काका, आधी श ना?” काका म्हणाले, “म्हणताना आधी श. जुळवताना आधी वेलांटी. कागदाला कान नसतात, बाळ.”

या लेखात मला जे सांगायचे आहे ते काकांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. ‘शि’ हे अक्षर आपण उच्चारतो श, मग इ. डोळ्याला दिसते आधी वेलांटी, मग श. ‘र्थी’ मध्ये उच्चारात र आधी येतो, पण रफार दिसतो सगळ्यात शेवटी, डोक्यावर. कानाचा क्रम वेगळा, डोळ्याचा वेगळा. देवनागरी छापण्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या दोन क्रमांमधली ओढाताण आहे.

ही ओढाताण सुरू झाली बंगालमध्ये. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, ते देवनागरी खिळ्यांत. पुढे १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश निघाला, तो मात्र मोडीच्या खिळ्यांत, कारण मराठी माणूस रोजच्या व्यवहारात मोडी लिहीत होता. तिकडे तंजावरला सरफोजीराजांनीही त्याच सुमारास देवनागरी छापखाना घातला होता. मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी. वाहती अक्षरे सुट्या खिळ्यांत तोडायची म्हणजे तिचा जीवच काढून घेणे. छापखान्यात शेवटी बाळबोध जिंकली त्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात मजकूर हाताने लिहून तो दगडावर उतरवायचा. तिथे वेलांटीचा प्रश्नच नव्हता, लिहिणाऱ्याचा हात जाईल तिथे वेलांटी. अडचण खिळ्यांची होती. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडवले. त्याच छापखान्यात एक पोरगा खिळे घासण्याच्या कामाला होता, जावजी दादाजी. त्याने १८६४ मध्ये स्वतःचा टाइप फाउंड्रीचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू हे त्यांचे सोबती. आपल्या आजी-आजोबांच्या देव्हाऱ्याजवळच्या पोथ्यांची अक्षरे पाहिली असतील, तर निर्णयसागरचे वळण तुमच्या डोळ्यांत बसलेले आहे, नाव माहीत नसले तरी.

पण वळण कितीही देखणे असले तरी खिळ्यांची संख्या कमी होईना. इंग्रजीला शंभर-सव्वाशे घरे पुरतात. मराठीला अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, उकार लावलेली, रफार लावलेली अशी शेकडो. म्हणूनच विसाव्या शतकात लिपी सुधारण्याच्या इतक्या चळवळी झाल्या. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली. इ, ई, उ, ऊ यांना वेगळे खिळे कशाला, ‘अ’लाच वेलांटी आणि उकार द्या, असे त्यांचे म्हणणे. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक कोणाच्या माळ्यावर असतील तर उघडून बघा, तिथे ‘अि’ आणि ‘अु’ दिसतील. लहानपणी मला त्या छपाईच्या चुका वाटायच्या.

यानंतर आले टंकयंत्र. दहावीची परीक्षा झाल्यावर आपल्यातल्या निम्म्या मुली टायपिंग क्लासला गेल्या होत्या, मीही त्यातलीच. मराठी तीसची परीक्षा. त्या यंत्राच्या चाळीस-पंचेचाळीस कळांत सगळी देवनागरी कोंबलेली होती, आणि त्यासाठी केलेली युक्ती फार हुशारीची होती. ‘श’ साठी कळच नाही. अर्धा श मारायचा आणि पुढे काना द्यायचा, झाला श. वेलांटी आधी, अक्षर नंतर. बोटांना हे इतके बसले होते की मी हाताने लिहितानाही काही दिवस वेलांटी आधी काढायला लागले होते. बाईंनी वही परत दिली होती, त्यांना आठवत असेल.

म्हणजे छापखाना झाला, टंकयंत्र झाले, दोन्हींनी डोळ्याचा क्रम पाळला. त्यात वावगे काही नव्हते. शेवटी कागदावर शाई उमटायची होती, आणि कागदाला कान नसतात.

गडबड कॉम्प्युटरने झाली, कारण कॉम्प्युटरला कान असतात. म्हणजे तो नुसते छापत नाही, शोधतो, क्रम लावतो, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राला मजकूर देतो. त्यासाठी त्याला अक्षराचा आकार पुरत नाही, अक्षर कोणते हे कळावे लागते.

अमेरिकेत आल्डस या कंपनीने १९८५ मध्ये ‘पेजमेकर’ बाजारात आणले. पडद्यावर पान जसे दिसते तसेच कागदावर येणार, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत ‘येथे डीटीपीची कामे केली जातील’ अशा पाट्या लागल्या त्या नव्वदच्या दशकात. शिशाचे खिळे किलोवर भंगारात गेले. कंपोझिटर काका पुढे कुठे गेले ते मी विचारलेही नाही, याचे आता वाईट वाटते.

पेजमेकरला देवनागरी माहीतच नव्हती. त्याच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी २५६ जागा होत्या, त्यातल्या प्रत्यक्ष वापरता येण्याजोग्या सुमारे दोनशे. मग आपल्या लोकांनी टंकयंत्राचीच युक्ती काढली. रोमन अक्षरांच्या आणि युरोपी चिन्हांच्या त्या दोनशे जागांवर मराठी आकार बसवले. अर्धा स इथे, काना तिथे, वेलांटी आणखी कुठे. कॉम्प्युटरच्या मते तो डोक्यावर टिंब असलेले कुठलेसे युरोपी अक्षर साठवतो आहे. फॉन्ट त्या अक्षराला मराठी पोशाख घालून पडद्यावर आणतो. पोशाख काढला की आत परकाच माणूस. फॉन्ट नसलेल्या मशीनवर जुनी फाइल उघडल्यावर जी चित्रविचित्र चिन्हे दिसतात, ती म्हणजे हा पोशाख उतरवलेला मजकूर.

पुण्याच्या मॉड्युलरची श्री-लिपी, सीडॅकचे आयएसएम, आकृती, आणखी कितीतरी. प्रत्येकाची दोनशे घरांची मांडणी वेगळी. एकाचा काना दुसऱ्याच्या घरात अनुस्वार. माझ्या ऑफिसातली तरुण मुले या सगळ्याला हसतात. मला हसू येत नाही. याच जुगाडावर गावोगावची साप्ताहिके निघाली, पत्रिका छापल्या, पाठ्यपुस्तके निघाली, कितीतरी मुलींना घराजवळ काम मिळाले. त्यावेळी काम उद्यावर ढकलणे परवडणारे नव्हते.

खेदाची गोष्ट एवढीच की बरोबर उत्तर त्याच वेळी तयार होत होते, आणि तेही आपल्याच देशात. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकमध्ये आले. ‘इस्की’ नावाचे भारतीय मानक ठरले, त्याला १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोची मान्यता मिळाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. या मांडणीत आकार नाहीत, वर्ण आहेत. श, मग इकार. र, मग हलन्त, मग थ. कानाचा क्रम. केसमध्ये शेकडो घरे लागत तिथे इथे १२८ जागांचा एकच कप्पा पुरला, कारण जोडाक्षराचा आकार काढण्याचे काम फॉन्टवर सोपवले. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फॉन्ट आला आणि घरच्या कॉम्प्युटरवर खरी मराठी उमटू लागली.

पण छपाईचे जग पेजमेकरमध्येच राहिले. २००१ मध्ये आलेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली, तरी पुढे कितीतरी वर्षे आपल्याकडे तीच चालली. पेजमेकरला देवनागरी युनिकोड शेवटपर्यंत कळला नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनलाही भारतीय लिप्या नीट हाताळता आल्या त्या २०१२ च्या सीएस-६ पासून. या मधल्या काळात मराठीत जे काही छापले गेले, त्यातले बरेचसे आजही जुन्या सीडींवर परक्या अक्षरांत पडून आहे.

सरांचा लेख त्यातलाच.

शाळेच्या एका वार्षिक अंकात तो आला होता. शीर्षक ‘माळशिरसची शाळा सुटलेली मुले’. आठ-दहा वर्षांत पाचवीला नाव घालून दहावीपर्यंत न पोहोचलेल्या अकरा मुलामुलींबद्दल. कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले, कोणी मेंढरांमागे, दोघींची लग्ने झाली, एकाचे वडील गेले. सर सायकलवरून प्रत्येकाच्या घरी जाऊन आले होते. अंकाच्या छापील प्रती शोधायला आपण सगळ्यांनी जंग जंग पछाडले. शाळेतल्या प्रती वाळवीने खाल्ल्या, सरांच्या घरची प्रत कोणीतरी वाचायला नेली ती परत आली नाही. काकूंनी सरांच्या कपाटातून एक सीडी काढून दिली. तिच्यावर स्केचपेनने फक्त ‘अंक’ लिहिलेले.

सीडी माझ्या लॅपटॉपला लावायला आधी सीडी लावायची सोय विकत घ्यावी लागली. आत पेजमेकरची फाइल. आजचे इनडिझाइन ती उघडत नाही, सीएस-६ पर्यंतचे उघडायचे. आपल्याच वर्गातला एक जण नातेपुत्याला डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान चालवतो. त्याच्याकडे कोपऱ्यात एक विंडोज एक्सपी असलेले मशीन झाकून ठेवलेले आहे, पेजमेकरसकट, मागे फॉन्टचे डोंगल लावलेले. “हे मशीन मी मरेपर्यंत फॉरमॅट करणार नाही,” तो म्हणाला. “अर्धा तालुका यात आहे.” फाइल उघडली. फॉन्ट त्याच्याकडे होता. पान जसेच्या तसे समोर आले, आणि सरांचे वाक्य वाचून आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

पान दिसले की आपण सुटलो असे वाटते. तसे नसते. ते पान फक्त त्या एका मशीनवर मराठी होते. स्मरणिकेत घ्यायचे तर मजकूर युनिकोडमध्ये आणायला हवा. मी घाईत इंटरनेटवरचे एक तयार परिवर्तक वापरले आणि प्रूफ काढले. ते परिवर्तक घरे बदलत होते, क्रम बदलत नव्हते. म, काना, ळ, वेलांटी, श, र, स हा डोळ्याचा क्रम त्याने तसाच कानाच्या मांडणीत ओतला. युनिकोडमध्ये वेलांटी आपल्या आधीच्या अक्षराला लागते. आधी होता ळ. झाले माळिशरस. ‘विद्यार्थी’च्या आधी कोणतेच अक्षर नव्हते, म्हणून ती वेलांटी अधांतरी राहिली, आणि शेवटी आलेल्या रफाराला पुढे बसायला जागा सापडली नाही. प्रूफ वाचून न पाहता ग्रुपवर टाकले, ही चूक माझी.

मग दोन रविवार बसून मी स्वतःच परिवर्तक लिहिले. त्या फॉन्टच्या जवळपास दोनशे घरांचा तक्ता केला, कुठल्या घरात कोणता आकार ते छापून भिंतीला लावले. माझी मुलगी म्हणाली, “आई, हे बाराखडी शिकणं आहे का?” तसेच काहीसे. नियम थोडे आहेत. अर्धे अक्षर आणि काना शेजारी आले तर एक पूर्ण अक्षर करायचे. वेलांटी दिसली तर पुढचे जोडाक्षर संपेपर्यंत तिला हातात धरायचे आणि मग ठेवायचे. रफार दिसला तर उलटे मागे जायचे, मात्रा-काने ओलांडून, जोडाक्षराच्या सुरुवातीला र ठेवायचा. ‘पुस्तकांमधील’ पहिल्याच फटक्यात बरोबर आले. ‘स्थिती’ने दमवले, कारण पहिल्या वेलांटीला अर्धा स आणि थ असे दोन्ही ओलांडायचे होते.

आणि मग एका मुलीच्या नावावर अडले. लेखात एका ठिकाणी कुऱ्हाडे हे आडनाव आहे. माझ्या तक्त्यातून ते ‘कुर्हाडे’ आले. वर्गात सरांनी हा फरक कसा शिकवला होता ते आठवते ना? फळ्यावर दोन वाक्ये: ‘आचार्यांना नमस्कार केला’ आणि ‘आचाऱ्यांना पैसे दिले’. “आडवा र विसरलात तर स्वयंपाक्याला गुरू कराल,” असे म्हणायचे. हिंदीला या आडव्या ‘र’ची गरज नाही, म्हणून बाहेर तयार झालेल्या कितीतरी साधनांत तो निसटतो. तक्त्यात मीही त्याला साध्या अर्ध्या ‘र’च्या ओळीत टाकले होते. सरांच्याच लेखात सरांनीच शिकवलेली चूक. ती दुरुस्त केली आणि मग ‘पुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ सगळे आपोआप सुधारले.

सगळा मजकूर झाल्यावर काकूंना फोनवर वाचून दाखवला. सरांनी छापायला देण्याआधी तो त्यांना वाचून दाखवला होता. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवले. एका जागी अनुस्वार गळाला होता, आणि एका जागी मला जी चूक वाटली होती तो सरांचा मुद्दाम वापरलेला इकडचा शब्द होता. तो तसाच ठेवला आहे.

जाता जाता या अंकाच्या बाकीच्या तक्रारींबद्दल. ज्या तीन लेखांत जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसत होती, तिथे परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला नव्हता. तो निवडल्यावर सगळे जुळले. शीर्षकांवरचे रफार आणि अनुस्वार कापले जात होते, कारण ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले होते. मराठीच्या ओळीला वर मात्रा आणि खाली उकार असतो, तिला जास्त जागा लागते. आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे का, असे विचारणाऱ्या गुरुजींना सांगायचे की तुमचे बरोबर होते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेतले वळण ठरवून दिले आहे. आता राज्य मराठी विकास संस्थेने विनामूल्य दिलेला ‘यशोमुद्रा’ फॉन्ट वापरला आहे. तुमच्यापैकी कोणाकडे जुन्या फाइली असतील, एखादे हस्तलिखित, वडिलांच्या कविता, गावच्या यात्रेची स्मरणिका, तर मशीन बंद पडण्याआधी त्यांची पीडीएफ करून घ्या आणि फॉन्टचे नाव कागदावर लिहून ठेवा. नातेपुत्याचा पत्ता तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही.

लेखाच्या शेवटी त्या अकरा जणांची यादी होती, सरांच्या हस्ताक्षरात. ती टाइप केलेली नव्हती, स्कॅन करून चित्र म्हणून लावलेली होती. पेजमेकरमध्ये असे मोठे चित्र फाइलच्या आत ठेवत नसत. चित्राची फाइल वेगळी असायची आणि पानावर तिची फक्त धूसर प्रतिमा, जागा दाखवण्यापुरती. छापताना मूळ चित्र जोडले जायचे. सीडीवर पानाची फाइल आहे, मूळ चित्र नाही. धूसर प्रतिमा मोठी करून, काळी-पांढरी करून, उजेडात धरून आम्ही दहा नावे वाचली. सरांचे वळण ओळखीचे होते म्हणून वाचली. त्यातल्या पाच जणांशी बोलणेही झाले, तिघे मेळाव्याला येणार आहेत.

अकरावे नाव ‘सु’ने सुरू होते. पुढे डाग आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्या वर्षांत मधूनच दाखला नेलेल्या, ‘सु’ने सुरू होणाऱ्या तीन मुली सापडल्या, तिघी वेगवेगळ्या इयत्तांतल्या. काकूंना एवढेच आठवते की पिलीवच्या बाजूला एका घरी सर दोनदा गेले होते आणि दुसऱ्या वेळी उशिरा परतले. तिघींतली कोणती, हे कोणी सांगू शकले नाही. अंदाजाने एक नाव घालणे मला बरोबर वाटले नाही.

म्हणून त्या पानावर अकरा क्रमांकापुढे जागा कोरी आहे. ती छपाईची चूक नाही, कृपया लाल गोल करू नये. कोणाला नाव आठवले तर आपल्या प्रतीत पेनने लिहा आणि मला कळवा. फाइल मी बंद केलेली नाही.